जिनिव्हाचा कायदा आणि एका सहीची वाट

दर रविवारी वंदना आटोपली की विहारातच एका कोपऱ्यात सतरंजी टाकून मी आणि वस्तीतली दोन कॉलेजची मुले फॉर्म भरायला बसतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, ज्याची जी अडचण असेल ती. आठवडाभर कचेरीत दुसऱ्यांची कागदपत्रे चाळतो, रविवारी आपल्या माणसांची. सध्या घरकाम करणाऱ्या आयाबहिणींच्या नोंदणीचे काम घेतले आहे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अपघात, बाळंतपण, औषधपाणी, मुलांचे शिक्षण यांसाठी मदतीची तरतूद त्यात आहे. पण नोंदणी असेल तरच. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या निर्बंधांत सरकारने घरेलू कामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले, तेही नोंदणी झालेल्यांनाच. आमच्या वस्तीतील कितीतरी बायांची कामे सुटली होती आणि नोंदणी कोणाचीच नव्हती. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

तर एका रविवारी एक मावशी आल्या. चार घरची धुणीभांडी करतात, त्यातल्या एका घरी अठरा वर्षे. आधारकार्ड, फोटो, सगळे बरोबर आणले होते. मालकीणबाईंच्या सहीचा दाखला मात्र नव्हता. मी विचारले तर म्हणाल्या, "भाऊ, बाई चांगली हाय. घराची किल्ली माझ्यापाशी ठेवून गावाला जाते. पर सही म्हटलं की म्हणते, उद्या काही लचांड मागं लागलं तर?"

त्यांची मुलगी बारावीला आहे. ती सोबत होती. तिने मोबाईलवर वाचले होते की घरकाम करणाऱ्यांसाठी जिनिव्हाला साऱ्या जगाचा मिळून एक कायदा झाला आहे आणि भारतानेही त्याच्या बाजूने मत दिले आहे. मावशींनी लगेच मला धरले. "मग भाऊ, तो कायदा गेला कुठं? झाला म्हनता तर आमच्यापर्यंत का न्हाई आला? वाटंत हरवला काय?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर काही महिने वाचनालयातून पुस्तके आणली, वकील मित्रांना विचारले. जे समजले ते येथे मांडतो, कारण मावशींचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांचा आहे.

वरचा साहेब नसलेला कायदा

आपल्याकडे कायदा म्हटला की पोलीस, कोर्ट, दंड, तुरुंग डोळ्यांपुढे येतात. देशादेशांतल्या कायद्याचे तसे नाही. प्रत्येक देश सार्वभौम, म्हणजे आपल्या घरचा धनी आपण, वर कोणी साहेब नाही. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे जगाचे सरकार, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. बहुतेक बाबतीत एखादा देश तेवढ्याच गोष्टीला बांधलेला असतो जिच्यावर त्याने स्वतः सही केली आहे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयदेखील दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय त्यांचा खटला ऐकू शकत नाही.

बी.कॉम.ला आम्हाला १८७२ चा भारतीय करार कायदा होता. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, हे सारे घोकलेले. आंतरराष्ट्रीय कायद्याची पाने उलटली तेव्हा वाटले, अरे, हा तर आपल्या ओळखीचाच गडी. फरक एवढाच, की घरमालकाने करार मोडला तर मी कोर्टात जाऊ शकतो. देशाने मोडला तर जायचे कुठे?

मग देश सह्या करतातच कशाला? याला एक काडेपेटीचे उदाहरण फार चांगले आहे. पूर्वी आगकाड्या पांढऱ्या फॉस्फरसच्या करीत. स्वस्त पडत, कुठेही घासली तरी पेटत. पण कारखान्यात काम करणाऱ्या पोरीबाळींचे दात पडत आणि जबड्याचे हाड सडत जाई. एखाद्या सरकारला त्याची बंदी करावीशी वाटली, की कारखानदार म्हणायचे, आम्ही महाग काडी करू आणि शेजारच्या देशातली स्वस्त काडी आमचा बाजार खाईल. एकट्याने चांगले वागायची सोय नाही. म्हणून १९०६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काही देश एकत्र बसले आणि सर्वांनी मिळून पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद करण्याचा करार केला. ब्रिटन त्यात थोडे उशिरा आले आणि आपल्याकडे १९१३ साली या काड्यांच्या बंदीचा कायदा झाला. आज आपण स्वयंपाकघरात काडी पेटवतो तिच्यामागे परक्या मुलुखातल्या मुलींचे सडलेले जबडे आहेत, हे मला तरी कोणत्या शाळेत सांगितले नव्हते.

आठ तास, पण तुमचे दहा

पहिले महायुद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना निघाली. इंग्रजीत तिला आयएलओ म्हणतात. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिची पहिली परिषद अमेरिकेत वॉशिंग्टनला भरली, पुढच्या वर्षी कचेरी जिनिव्हाला गेली. या संघटनेची एक गोष्ट इतर साऱ्यांहून वेगळी आहे. येथे सरकारे एकटी बसत नाहीत. प्रत्येक देशाची चार मते, त्यांतली दोन सरकारची, एक मालकांचे आणि एक कामगारांचे. कामगाराचा माणूस आपल्याच सरकारच्या विरोधात मत देऊ शकतो आणि देतोही.

गंमत अशी की हिंदुस्थान तेव्हा सार्वभौम नव्हता. राज्य इंग्रजांचे. तरीही तहावर हिंदुस्थानची वेगळी सही होती, म्हणून आपण या संघटनेचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद. वॉशिंग्टनला कामगारांच्या वतीने मुंबईचे ना. म. जोशी गेले. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांत सोशल सर्व्हिस लीगचे काम करणारे तेच जोशी. पण त्यांना नेमले सरकारने. कामगारांची देशव्यापी संघटनाच नव्हती, मग निवडणार कोण? ही उणीव टोचली आणि पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत आयटकची स्थापना झाली. तिची कारणे आणखीही होती, पण जिनिव्हाला आपला माणूस आपण पाठवावा हे त्यातले एक मोठे कारण.

वॉशिंग्टनला पहिलाच करार झाला तो कामाच्या तासांचा. दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण त्यात एक वेगळे कलम घातले होते, ब्रिटिश हिंदुस्थानसाठी आठवड्याला साठ तास. कारण काय तर इथली परिस्थिती वेगळी, हवामान वेगळे, कामगार वेगळा. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच दमते हे कोणी ध्यानात घेतले नाही. तरी आपल्या गिरण्यांत तेव्हा मोठ्या माणसांना दिवसाला बारा तास राबवता येत होते, तिथे साठ तास म्हणजे सुटकाच होती. हिंदुस्थान सरकारने १९२१ मध्ये या करारावर सही केली आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात साठ तास आले. ज्या ब्रिटनचे आपल्यावर राज्य होते त्याने मात्र स्वतः या करारावर कधीच सही केली नाही.

पुढे १९३४ च्या कायद्याने चोपन्न तास झाले. अठ्ठेचाळीस व्हायला १९४६ उजाडले. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. खाते हाती आल्यावर महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, दिल्लीला सरकार, मालक आणि कामगार यांची एकत्र परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. जिनिव्हाला तिघे एका टेबलाशी बसतात, मग इथे का नको, हा त्यामागचा विचार. तासांची दुरुस्ती त्यांच्याच खात्याने पुढे नेली. वॉशिंग्टनहून निघालेले आठ तास आपल्या कारखान्यांच्या फाटकात पोहोचायला सत्तावीस वर्षे लागली. बाळंतपणाच्या रजेचेही असेच. करार १९१९ चा. मुंबई कौन्सिलात तसे बिल आले तेव्हा १९२८ साली बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी तसा कायदा व्हायला १९६१ साल लागले.

मावशींचा कायदा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १६ जून २०११ रोजी जिनिव्हाच्या परिषदेत घरकामगारांचा करार मंजूर झाला. क्रमांक १८९. बाजूने ३९६ मते, विरुद्ध १६, तटस्थ ६३. भारत सरकारने बाजूने मत दिले, हे मुलीने वाचले ते खरेच.

या करारात काय आहे ते पाहिले तर आपल्या बायकांना स्वप्न वाटेल. काम कोणते, पगार किती, तास किती हे आधी स्पष्ट सांगायचे, शक्यतो लिहून द्यायचे. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी. जिथे किमान वेतनाचा कायदा आहे तिथे तो घरकामालाही लागू. घरी राहून काम करणारीला राहायला धड जागा आणि तिची कागदपत्रे तिच्याच ताब्यात. परदेशी कामाला गेलेल्या बायकांचे पासपोर्ट मालक काढून घेतात, त्यावरचा हा इलाज. थोडक्यात, स्वयंपाकघरात राबणारी बाईदेखील कामगार आहे.

पण परिषदेत हात वर करणे वेगळे आणि देशाने करारावर सही करून तो अंगावर घेणे वेगळे. सरकारी भाषेत त्याला अनुसमर्थन म्हणतात. ते सक्तीचे नाही. उरुग्वेने सर्वांत आधी केले, मग फिलिपाइन्सने, ज्यांच्या लाखो बाया जगभर घरकाम करतात. ५ सप्टेंबर २०१३ पासून करार अमलात आला. आजवर चाळिसाच्या आसपास देश त्यात आहेत. भारत नाही.

का नाही? आपल्या सरकारचे धोरण असे सांगितले जाते, की देशातला कायदा आणि व्यवहार कराराशी पूर्ण जुळल्याशिवाय सही करायची नाही. यात प्रामाणिकपणा आहे हे मी मान्य करतो. सही करून मोडणारे देश कमी नाहीत. पण मला हे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही म्हणण्यासारखेही वाटते. शिवाय सोयीचे असले की जमते. बालकामगारांचे दोन मोठे करार, एक १९७३ चा आणि एक १९९९ चा, भारताने १३ जून २०१७ रोजी स्वीकारलेच. संघटना बांधण्याच्या आणि सामुदायिक वाटाघाटीच्या हक्काचे १९४८ आणि १९४९ चे करार मात्र अजून बाहेर आहेत. कारण दिले जाते आम्हा सरकारी नोकरांचे, की त्यांना संपाचा हक्क द्यावा लागेल. म्हणजे कारकुनामुळे साऱ्या देशाचे अडले! हे वाचून मला हसावे की रडावे कळेना.

अनुसमर्थन केले नाही म्हणून सरकार अगदीच मोकळे सुटत नाही. संघटनेच्या घटनेच्या १९ व्या कलमाप्रमाणे नवा करार वर्षभरात, फार तर दीड वर्षात, देशातल्या अधिकारी मंडळापुढे, म्हणजे आपल्याकडे संसदेपुढे, ठेवावा लागतो. जिनिव्हाने विचारले तर सही का नाही केली याचे लेखी उत्तरही द्यावे लागते. कचेरीत ज्यांनी काम केले आहे त्यांना माहीत आहे, की दरवर्षी येणारा तोच तोच "खुलासा करावा" साहेबांना किती नकोसा होतो.

पोलीस नाहीत, मग होते काय?

सही केल्यावर न पाळले तर? येथे ब्रह्मदेशाची, म्हणजे म्यानमारची, हकिगत सांगतो. त्या देशाने वेठबिगारीविरुद्धच्या १९३० च्या करारावर १९५५ मध्ये सही केली होती. तरीही लष्कर गावकऱ्यांना पकडून ओझी वाहायला, रस्ते खोदायला नेत असे. आधाराला होता इंग्रजांचा १९०७ चा ग्राम कायदा, ज्यात गावच्या मुखियाला माणसे कामाला काढण्याचा अधिकार होता. हे वाचताना मला माझ्या आजोबांचे येसकरपण आठवले. सरकारी कामगाराला निरोप आला की भरल्या ताटावरून उठायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते याच वेठीविरुद्ध, आणि ती वतने कायद्याने जायला १९५८ उजाडले. ब्रह्मदेशात ती वेठ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती.

१९९६ साली जिनिव्हातील पंचवीस कामगार प्रतिनिधींनी तक्रार केली. तक्रार एका देशाने दुसऱ्याविरुद्ध केली नाही, कामगारांनी केली, हे लक्षात घ्यावे. तिघांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यात आपले माजी सरन्यायाधीश न्या. पी. एन. भगवती होते. लष्करी सरकारने आयोगाला देशात पाऊल ठेवू दिले नाही. मग आयोग शेजारच्या देशांत गेला आणि पळून आलेल्या निर्वासितांच्या जबान्या घेतल्या. १९९८ मध्ये अहवाल आला. सरकारने दाद दिली नाही तेव्हा २००० साली घटनेचे ३३ वे कलम पहिल्यांदाच वापरले गेले. त्याचा अर्थ असा, की सर्व सभासद देशांनी, त्यांतील मालकांनी आणि कामगारांनी या देशाशी असलेले आपले संबंध तपासावेत. सैन्य पाठवणे वगैरे काही नाही, नुसते सर्वांनी मिळून पाठ फिरवणे. पण दोन वर्षांत यांगूनला संघटनेचा माणूस बसला, पुढे गावकऱ्यांना त्याच्याकडे तक्रार करता येऊ लागली आणि २०१२ मध्ये तो जुना ग्राम कायदा गेला. निर्बंध उठले. सगळे छान झाले असे मात्र लिहिता येत नाही. २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, पुन्हा आयोग बसला आणि जून २०२५ मध्ये ३३ वे कलम दुसऱ्यांदा त्याच देशाला लावावे लागले. मधे २०२३ मध्ये ते बेलारूसला लागले होते.

जहाजांचे वेगळे आहे. खलाशांच्या २००६ च्या करारात, ज्यात भारत २०१५ मध्ये आला, अशी युक्ती आहे की करारात नसलेल्या देशाचे जहाजदेखील करारातल्या देशाच्या बंदराला लागले तर अधिकारी वर चढून खलाशांचे खाणेपिणे, पगार, झोपायची जागा तपासू शकतो आणि प्रकार फार वाईट असेल तर जहाज अडवून ठेवू शकतो. कोकणातले आपले कितीतरी लोक बोटीवर आहेत, त्यांना याचा उपयोग होतो. बंगल्याच्या स्वयंपाकघराला मात्र बंदर नसते. घरकामगारांच्या करारातही तपासणीची तरतूद आहे, पण घराच्या खासगीपणाचा मान राखून, आणि तिथेच खरी अडचण आहे.

आपल्यासाठी आणखी एक करार महत्त्वाचा. १९५८ चा, क्रमांक १११, नोकरीधंद्यातील भेदभावाविरुद्धचा. भारताने तो १९६० मध्ये स्वीकारला. त्यात वंश, रंग, लिंग, धर्म यांच्याबरोबर "सामाजिक मूळ" असा शब्द आहे आणि संघटनेची तज्ज्ञ समिती जातीचा विचार त्याखाली करते. डोक्यावरून मैला वाहण्याच्या कामाबद्दल ती भारताला पुनःपुन्हा विचारत आली आहे. कोणाच्या जातीच्या लोकांना हे काम लावता, किती जणांची सुटका केली, किती खटले भरले? आपल्याकडे १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा दुसरा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख, २०२३ मध्ये तीस लाख द्यायला सांगितले. तरी गटारात माणसे उतरतात आणि मरतात. जिनिव्हाच्या प्रश्नांनी हे थांबले नाही. पण सरकारला दर वेळी साऱ्या जगासमोर लेखी उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी हातची सोडू नये.

कोर्टातून आलेला रस्ता

कधीकधी कायदा दुसऱ्याच वाटेने येतो. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रसंघाचा १९७९ चा करार भारताने १९९३ मध्ये स्वीकारला. त्याच सुमारास राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या एका गरीब साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या प्रकरणातून विशाखा खटला उभा राहिला. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणाले, देशाने करार स्वीकारला आहे, तो आपल्या मूलभूत हक्कांच्या विरोधात नाही, तर कायदा होईपर्यंत त्याचा आधार घेऊन नियम आम्ही घालून देतो. घटनेचे ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगते आणि २५३ वे कलम संसदेला असे करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा अधिकार देते. न्यायालयाने दोन्हींकडे बोट दाखवले. सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, संसदेने कायदा केला आणि त्यात राहते घर हीसुद्धा कामाची जागा धरली. म्हणजे मावशींच्या मालकाच्या घरात कोणी हात धरला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे आमच्या वस्तीत एकाही बाईला माहीत नव्हते. मलाही नव्हते.

घरकामगारांच्या बाबतीत २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञांची समिती नेमून वेगळ्या कायद्याचा विचार करायला सांगितले. भारताने करार क्रमांक १८९ स्वीकारलेला नाही, याची नोंद घेऊनच हा विषय पुढे न्यायला हवा.

हे सारे मी मावशींना शक्य तेवढ्या साध्या भाषेत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजी सरकारचं बी माझ्या बाईवानीच हाय की. तोंडानं हो, सही न्हाई." मी पुस्तके वाचून जे काढले ते त्यांनी एका वाक्यात काढले.

पहिल्या घरी सही मिळालीच नाही. चौथ्या घरी एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मी आणि मावशींची मुलगी दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दाखला दोनदा वाचला, किती वर्षे काम करतात तो रकाना स्वतःच भरला आणि सही केली. जाताना मुलीला म्हणाल्या, "रविवारची सुट्टी पाहिजे तर आईला मला सांगायला सांग. मी एकदा आळीतल्या बायकांशी बोलते." बोलल्या की नाही, ते अजून कळले नाही. फॉर्म मात्र जमा झाला. पावती मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोटोमागे ठेवली आहे.

आमच्या यादीत अजून अकरा बायांचे दाखले अडलेले आहेत. येत्या रविवारी येताना त्यांनी आधारकार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि जिथे जिथे काम करतात त्या सर्व घरांची नावे लिहून आणावीत. एका घरी नाही म्हटले तर दुसऱ्या घरी जाऊ.